वाचकांचे प्रश्न : जॉन स्टॉकटन, नंबर बारा

मागच्या अंकात एनबीएच्या (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) विक्रमांच्या तक्त्यात एका ओळीपुरतं जॉन स्टॉकटनचं नाव आलं होतं : असिस्ट (ज्यावर बास्केट झाली असे पास) १५,८०६, स्टील (समोरच्या संघाकडून हिसकावलेले बॉल) ३,२६५, दोन्हींत पहिला. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमच्याकडे व्हॉलीबॉल घरोघरी, बास्केटबॉल फारसं नाही. पॉइंट गार्ड म्हणजे कर्णधार का? आणि हा स्टॉकटन कोण? (सांगली)

कर्णधार नव्हे. व्हॉलीबॉलमधला सेटर डोळ्यांसमोर आणा. स्मॅश मारणाऱ्याचं नाव होतं, पण बॉल किती उंच आणि कुठे द्यायचा हे सेटर ठरवतो. पॉइंट गार्ड तेच काम करतो, फक्त बॉल जमिनीवर आपटत आणि कुणीतरी अंगाला चिकटलेलं असताना. बॉल अर्ध्या मैदानापलीकडे नेणं, कोणती चाल खेळायची हे सांगणं आणि २४ सेकंदांच्या आत कुणाला तरी सोपा शॉट मिळवून देणं ही त्याची जबाबदारी.

स्टॉकटनचा जन्म २६ मार्च १९६२चा, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकॅन गावचा. वडिलांचा गोंझागा विद्यापीठाजवळ बार होता. आजोबा ह्यूस्टन स्टॉकटन त्याच विद्यापीठाचे गाजलेले अमेरिकन फुटबॉल खेळाडू. नातवाची शाळा गावातलीच, कॉलेजही गोंझागाच. आज गोंझागाचं नाव बास्केटबॉलमध्ये मोठं आहे, तेव्हा नव्हतं. तो शिकत होता त्या चार वर्षांत हा संघ राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेपर्यंत एकदाही पोचला नाही.

१९८४च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडण्याच्या प्रक्रियेत, युटा जॅझ संघाने त्याला सोळाव्या क्रमांकावर घेतलं. त्याच यादीत पुढे महान ठरलेले ओलाजुवॉन, जॉर्डन आणि बार्कली होते. पहिली तीन वर्षं त्याने मुख्यतः रिकी ग्रीनचा राखीव म्हणून काढली. १९८७-८८मध्ये सुरुवातीच्या पाचांत जागा मिळाली आणि त्याच हंगामात त्याने १,१२८ असिस्ट करून आयझाया थॉमसचा एका हंगामाचा विक्रम मोडला. त्या हंगामापासून सलग नऊ हंगाम, म्हणजे १९९६पर्यंत, असिस्टमध्ये तोच पहिला होता. एकोणीस हंगाम एकाच संघात काढून २ मे २००३ला त्याने निवृत्ती जाहीर केली. उंची ६ फूट १ इंच.

असिस्ट मोजतो कोण? टेबलावर बसलेल्या माणसाने ठरवायचं तर आकडा फुगवता येणार नाही का? (ठाणे)

येतो. प्रश्न रास्त आहे. ज्या पासमुळे बास्केट थेट झाली तो असिस्ट, असा नियम आहे. पण ‘थेट’ म्हणजे किती थेट, हे स्कोररच्या नजरेवर राहतं. पास मिळाल्यावर खेळाडूने एक ड्रिबल करून, म्हणजे बॉल एकदा आपटून, ले-अप (रिंगजवळून टाकलेला सोपा शॉट) टाकला तर बहुतेक स्कोरर असिस्ट देतात. त्याने समोरच्याला दोनदा चकवलं तर द्यायला नको, तरी कुणी देतात. यजमान संघाचे स्कोरर थोडे उदार असतात ही तक्रार तेव्हाही होती, आजही आहे.

एक फरक लक्षात ठेवा. आपल्याकडचे सामने फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटना) नियमांनी होतात. तिथे पास घेणाऱ्यावर शॉट मारताना फाऊल झाला आणि त्याने एक जरी फ्री थ्रो टाकला, तरी पास देणाऱ्याला असिस्ट मिळतो. एनबीएत मिळत नाही. जॅझमधला त्याचा जोडीदार कार्ल मॅलोन सतत फाऊल काढून फ्री थ्रो लाइनवर जात असे. त्यामुळे फिबाच्या पद्धतीने मोजलं असतं तर स्टॉकटनचा आकडा आणखी वाढला असता.

फुगवटा धरला तरी हा विक्रम का हलत नाही, ते गणितात दिसतं. दर सामन्याला १० असिस्ट हा आजच्या एनबीएत अव्वल आकडा. एकही सामना न चुकवता ८२ सामने खेळलात तर हंगामाचे ८२० होतात. असे एकोणीस हंगाम काढले तरी बेरीज १५,५८० येते, म्हणजे स्टॉकटनपेक्षा २२६ कमीच. यादीत दुसरा असलेला ख्रिस पॉल साडेबारा हजारांच्या आसपास आहे. एका हंगामात हजार असिस्ट स्टॉकटनने सात वेळा केले. त्याच्याखेरीज हे फक्त केव्हिन पोर्टर आणि आयझाया थॉमस यांना जमलं, तेही एकेकदाच. १९८९-९०ची सामन्यामागे १४.५ ही सरासरीही अजून अबाधित आहे.

एका सामन्यातला विक्रम मात्र त्याचा नाही. तो ३० असिस्टचा, स्कॉट स्काइल्सच्या नावावर. स्टॉकटनची मजल २८पर्यंत, १९९१मध्ये सॅन अँटोनिओविरुद्ध.

मी शाळेचा संघ शिकवतो. स्टॉकटन-मॅलोनचा पिक अँड रोल मुलांना दाखवला, पण मैदानावर पास दर वेळी कापला जातो. चूक कुठे होत असेल? (नागपूर)

बहुधा पासच्या आधी. पिक अँड रोल म्हणजे मोठ्या खेळाडूने उभं राहून गार्डच्या बचावपटूची वाट अडवायची (हा स्क्रीन) आणि मग वळून स्वतः रिंगकडे निघायचं (हा रोल). एकेक पायरी बघू.

स्क्रीन लावणारा मोठा खेळाडू, म्हणजे मॅलोनच्या जागचा, आधी पूर्ण थांबला पाहिजे. पाय खांद्यांहून किंचित रुंद, हात छातीशी आवळलेले. गार्डला मार्क करणाऱ्याच्या पाठीमागून, नजरेआडून स्क्रीन लावत असाल तर फिबाच्या नियमाप्रमाणे त्याला एक पाऊल टाकण्याइतकी जागा ठेवावी लागते. शेवटच्या क्षणी कंबर किंवा गुडघा बाहेर काढला की फाऊल. शाळेच्या सामन्यांत निम्मे पिक अँड रोल इथेच संपतात, कारण गार्ड आधी निघतो आणि मोठा खेळाडू त्याच्यासाठी सरकतो.

म्हणून दुसरी पायरी म्हणजे वाट बघणं, आणि मुलांना तीच नको असते. स्टॉकटन स्क्रीन बसेपर्यंत बॉल जागच्या जागी आपटत उभा राही. गरज पडली तर उलट दिशेला एक पाऊल टाकून आपल्या बचावपटूला आधी तिकडे नेई. मग निघताना त्याचा खांदा मॅलोनच्या कमरेला घासून जाई. खांदा आणि कंबर यांत वीतभर जरी फट राहिली तरी बचावपटू तिच्यातून निघतो, आणि मग पुढचं सगळं फुकट.

आता बचाव काय करतो ते पाहायचं. मुख्य शक्यता चार.

बचावपटू स्क्रीनच्या मागून, रिंगच्या बाजूने निघाला तर गार्डने तिथेच थांबून शॉट घ्यायचा. हा धाक नसेल तर कुणी अंगावर येणारच नाही. गार्ड असूनही स्टॉकटनच्या कारकिर्दीत मैदानी शॉटची टक्केवारी ५१.५ होती, तीन गुणांच्या शॉटची ३८.४. तुमचा गार्ड लांबून टाकत नसेल तर हा डाव चालायचा नाही, तो बंदच ठेवा.

बचावपटू वरून, पाठलाग करत आला तर मोठ्या खेळाडूचा बचावपटू गार्डला अडवायला पुढे सरसावतो. तेवढ्यात मॅलोन आतल्या पायावर वळून रिंगकडे निघालेला असे, बॉलकडे तोंड करून आणि एक हात पुढे धरून. पास याच वेळेला द्यायचा. दोन बचावपटूंच्या मधल्या खिशात टप्पा द्यायचा, घेणाऱ्यापर्यंतच्या अंतराच्या साधारण दोन तृतीयांशावर. बॉल त्याच्या कमरेशी वर यायला हवा.

दोघांनी अदलाबदल केली तर घाई नको. आता मॅलोनच्या अंगावर लहान चणीचा माणूस आहे. बॉल विंगवर, म्हणजे कडेच्या खेळाडूकडे द्या, मॅलोन पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ जागा धरेल.

दोघंही गार्डवर तुटून पडले तर दोन ड्रिबल मागे घेऊन त्यांना रिंगपासून लांब ओढायचं आणि तिसऱ्या माणसाला बॉल द्यायचा. १९९४मध्ये जेफ हॉर्नासेक आल्यापासून जॅझकडे हा तिसरा माणूस पक्का झाला. दोन वेळा अंतिम फेरी गाठण्यात त्याच्या येण्याचा वाटा मोठा आहे, असं आमचं मत.

पास कापला जाण्याचं नेहमीचं कारण आता सांगतो. मुलं ड्रिबल थांबवतात, बॉल दोन्ही हातांत घेतात, छातीशी आणतात आणि मग ढकलतात. तेवढ्यात अर्धा सेकंद जातो आणि बचावपटूला पास आधीच दिसतो. स्टॉकटन बराचसा पास एका हाताने, ड्रिबल वर येतायेताच देत असे. हात बॉलच्या वरून बाजूला सरकला की बॉल निघालेलाच असे. हे शिकवायला भिंत पुरे. भिंतीपासून चार पावलांवर उभं राहून दोन ड्रिबल, तिसऱ्याला त्याच हाताने भिंतीकडे टप्पा पास. उजव्याने २५, डाव्याने २५, रोज. डाव्या हाताचे पहिले पंधरा दिवस वाईट जातात. तेव्हा संख्या कमी करा, हात बदलू नका.

खो-खो खेळणाऱ्या मुलांना हे लवकर उमगतं. खो उशिरा दिला की पळणारा निसटतो आणि लवकर दिला की फाऊल होतो. रोल करणाऱ्याचं दुसरं पाऊल पडायच्या आत बॉल हातातून सुटला पाहिजे, एवढं सांगून बघा.

एक शेवटची बाब, आणि ती कित्येकदा खरी निघते : बॉलमधली हवा तपासा. १.८ मीटरवरून सोडलेला बॉल, त्याचा तळ धरून, साधारण १.०५ मीटर वर यायला हवा. सिमेंटच्या मैदानावर हवा उतरलेल्या बॉलने टप्पा पास गुडघ्याशी येतो आणि मोठ्या खेळाडूला वाकावं लागतं. तिथेच बॉल हातून जातो.

एकोणीस वर्षांत तो फक्त २२ सामने खेळला नाही असं वाचलं. खरं आहे का? (पुणे)

खरं आहे, आणि पडताळूनही बघता येतं. सतरा हंगामांत त्याने संघाचे सगळे सामने खेळले. त्यातला १९९८-९९चा हंगाम मालक-खेळाडू वादामुळे ५० सामन्यांचाच झाला, बाकी सोळा ८२चे. १६ गुणिले ८२ म्हणजे १,३१२, त्यात ५०. उरलेल्या दोन हंगामांत १९८९-९०चे ७८ आणि १९९७-९८चे ६४. बेरीज १,५०४. हुकलेले सामने ४ आणि १८. अठरा हुकले ते हंगामापूर्वी गुडघ्यावर झालेल्या शस्त्रक्रियेमुळे.

नशिबाचा भाग आहेच. पण खेळण्याची धाटणीही कारणीभूत आहे. तो रिंगपाशी उंच उड्या घेत नसे, ले-अप दोन्ही पायांवर बेताने उतरत टाकी. घोटे जातात ते पुष्कळदा उंचावरून दुसऱ्याच्या पायावर पडल्याने. शिवाय प्रशिक्षक जेरी स्लोन यांनी शेवटच्या सहा हंगामांत त्याला सामन्यामागे तीसएक मिनिटंच खेळवलं. ऐन भरात ही मिनिटं ३८च्या आसपास होती. वयाची एक्केचाळिशी गाठली त्या शेवटच्या हंगामातही सरासरी ७.७ असिस्ट आहेत.

मोठी दुखापत झाली ती जॅझसाठी खेळताना नव्हे. १९९२च्या ऑलिंपिकआधी पोर्टलंडच्या पात्रता स्पर्धेत आपल्याच अमेरिकी संघातल्या जॉर्डनशी टक्कर होऊन पायाचं हाड मोडलं. बार्सिलोनात त्यामुळे तो थोडेच सामने खेळला. त्या ‘ड्रीम टीम’मधला हाच एक खेळाडू बार्सिलोनाच्या गर्दीच्या रस्त्यावर बायकामुलांबरोबर कुणी न ओळखता फिरू शकला. १९९६ला अटलांटात दुसरं सुवर्णपदक मिळालं.

तो ‘डर्टी’ खेळाडू होता म्हणतात. (वाशी)

म्हणतात, आणि अगदी हवेतून म्हणत नाहीत. स्लोन यांच्या पद्धतीत गार्ड बॉल विंगवर देऊन रिंगकडे कापत जाई आणि खाली पोचल्यावर मॅलोनच्या बचावपटूला स्क्रीन लावी. सहा फुटी माणसाने पावणेसात फुटीला अडवायचं तर तो मागून, कमरेशी आणि बरगड्यांशी येणार, कोपर अंगाजवळ आवळून. रेफरीने बघितलं तर फाऊल, नाही तर पुढे चला. बहुतेक वेळा तो नियमात होता, काही वेळा नव्हता. गार्डने मोठ्या खेळाडूसाठी इतक्या वेळा अंग पुढे करणं मात्र आज क्वचितच दिसतं, आणि जॅझच्या खेळात त्याचं मोल पासइतकंच होतं.

मुलगा चौदा वर्षांचा, उंची ५ फूट ३ इंच. बास्केटबॉल सोडून दुसरं काही कर, असं घरचे म्हणतात. स्टॉकटनचं उदाहरण द्यावं का? (नाशिक)

उदाहरण द्या, पण पूर्ण द्या. ६ फूट १ इंच म्हणजे एनबीएत बुटका, आपल्याकडे नव्हे. त्यामुळे ‘तोही लहानच होता’ म्हणणं अर्धसत्य आहे. चौदाव्या वर्षी उंची ठरलेलीही नसते. मुलाला खेळू द्या आणि उंचीशी संबंध नसलेल्या गोष्टी आधी पक्क्या करा.

त्याला रोजची चाळीस मिनिटं पुरतील. दहा मिनिटं डाव्या हाताने ड्रिबल, नजर वर. समोर कुणीतरी बोटं दाखवावीत आणि त्याने आकडा मोठ्याने सांगावा. नजर खाली राहिली तर पुढचं काहीच येत नाही. दहा मिनिटं वर सांगितलेला भिंतीवरचा पास. दहा मिनिटं बचावाची घसरपाऊलं, गुडघे वाकवून, पाय एकमेकांना न लागता. स्टॉकटनचे ३,२६५ स्टील उड्या मारून नाही मिळाले. तो समोरच्याच्या ड्रिबलची लय मोजायचा, बॉल जमिनीकडे निघाला की खालून वर हात घालायचा. वरून थापट मारली की मनगटाला लागते आणि फाऊल होतो. मुलांची ही चूक ठरलेली. शेवटची दहा मिनिटं फ्री थ्रो, थकल्यावर. सामन्यात ते थकल्यावरच मारावे लागतात.

नंबर सातचा बॉल हाताला मोठा पडत असेल तर काही महिने नंबर सहाने सराव चालतो. सामना मात्र ज्या बॉलने होणार त्याच बॉलने आठवड्यातून दोनदा खेळवा.

विजेतेपद एकही नाही, मग एवढा मोठा कसा? (कोल्हापूर)

१९९७ आणि १९९८, दोन्ही वेळा अंतिम फेरीत शिकागो बुल्सकडून ४-२ हार. समोर जॉर्डन ऐन बहरात होता. १९९८च्या सहाव्या सामन्यात ४१.९ सेकंद उरले असताना स्टॉकटनने तीन गुणांचा शॉट टाकून जॅझला ८६-८३ असं पुढे नेलं. मग जॉर्डनचा ले-अप, मॅलोनच्या हातातून चोरलेला बॉल आणि ५.२ सेकंद राहिलेले असताना तो प्रसिद्ध शॉट. ८७-८६. त्यानंतरही शेवटचा शॉट स्टॉकटननेच घेतला. गेला नाही.

एकोणीसही हंगामांत त्याचा संघ बाद फेरीत पोचला होता. विजेतेपदावरूनच मोजायचं तर त्या काळातले अर्धे महान खेळाडू बाद करावे लागतील, बार्कलीपासून सुरुवात करून.

निवृत्तीनंतर तो काय करतो? (बेळगाव)

स्पोकॅनला परतला. सहा मुलं, त्यांतला डेव्हिड काही काळ एनबीएत खेळला. बारा नंबरची जर्सी जॅझने २००४मध्ये कायमची बाजूला ठेवली. सॉल्ट लेक सिटीत स्टेडियमबाहेर मॅलोनबरोबर त्याचा पुतळा आहे. २००९मध्ये हॉल ऑफ फेममध्ये जॉर्डन आणि स्लोन यांच्याबरोबर समावेश झाला. नंतर मोंटाना स्टेट विद्यापीठाच्या महिला संघाचा सहायक प्रशिक्षक म्हणून त्याने काम केलं. कोविडच्या काळात त्याने लसीविषयी पुराव्याविना बरीच विधानं केली, मास्कलाही विरोध केला. गोंझागाने जानेवारी २०२२मध्ये त्याची हंगामाची तिकिटंच थांबवली. पास देण्यातली त्याची पारख त्या विषयात दिसली नाही, हे लिहायलाच हवं.

एकच सामना बघायचा तर कोणता? (मडगाव)

लोक २९ मे १९९७चा ह्यूस्टनमधला सांगतील. १००-१०० बरोबरी, २.८ सेकंद बाकी, स्टॉकटनचा लांबून शॉट, जॅझ पहिल्यांदा अंतिम फेरीत. तो बघाच. बघताना नजर बॉलवरून काढून मॅलोनने ह्यूस्टनच्या ड्रेक्सलरला कसं जवळजवळ मिठीत घेतलंय तिकडे ठेवा. शॉट मोकळा मिळाला तो त्यामुळे.

पण आमची निवड त्याच वर्षीच्या अंतिम फेरीचा चौथा सामना. शेवटच्या मिनिटाच्या आसपास जॅझ एका गुणाने मागे. जॉर्डनचा शॉट चुकतो, रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परतलेला बॉल, स्टॉकटनच्या हातात येतो. सोपा मार्ग म्हणजे बॉल सावकाश वर नेणं. तो क्षणभर वर बघतो आणि जवळजवळ पूर्ण मैदानभर, जॉर्डनच्या डोक्यावरून बॉल फेकतो. पलीकडे मॅलोन, ले-अप, ७४-७३. जॅझ ७८-७३ जिंकले. हा भाग तीनदा बघा. पहिल्यांदा बॉलकडे, दुसऱ्यांदा मॅलोन कधी पळायला लागतो त्याकडे, तिसऱ्यांदा जॉर्डनच्या हाताकडे. बॉल आणि त्याची बोटं यांत किती अंतर उरतं ते दिसेल.